जागेवर मिटवलेला अपघात वारसांना पडतो महागात; भरपाईचा रस्ता पोलीस ठाण्याच्या कागदातूनच

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर ग्रामीण रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. बाजार करून निघालेला दुचाकीवाला मागून आदळतो आणि जागीच जातो. पुढचं चित्र कुठल्याही तालुक्यात सारखंच. गर्दी जमते, ट्रॅक्टरमालकाचे पाहुणे येतात, गावातली चार वजनदार माणसं मध्ये पडतात. "गेलेला माणूस काही परत येत नाही, केस करून काय मिळणार? लाख-दोन लाख देतो, मिटवून टाका." घरात मढं असताना वाद कोण घालणार? मान हलवली जाते आणि प्रकरण मिटतं.

मिटतं ते ट्रॅक्टरमालकाचं. मयताच्या घरचं तिथून सुरू होतं.

मिटवण्यात नेमकं किती बुडतं?

गावात हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. भरपाई कशी काढायची याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली आहे. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांवर आजही मोटार अपघात न्यायाधिकरणाचं गणित चालतं.

समजा मयत ३८ वर्षांचा शेतकरी होता. घरात बायको, दोन लेकरं आणि आई. महिन्याचं उत्पन्न १२ हजार धरलं. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १६ हजार ८०० होतात. अवलंबून असलेले चौघे, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा होतो. उरले १२ हजार ६००. वर्षाचे झाले १ लाख ५१ हजार २००. या वयाला गुणक १५. एकूण २२ लाख ६८ हजार. अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम आणि व्याज वेगळं.

मयताचीही काही चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. तरीही निम्मी चूक धरली तरी ११ लाखांच्या वर आकडा जातो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा चालू असेल तर हे पैसे साधारणपणे विमा कंपनीला भरावे लागतात. म्हणजे मालकाला वाचवण्यासाठी म्हणून जे मिटवलं जातं, त्यात बऱ्याच वेळा वाचते ती कंपनी. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या गळ्यापर्यंत येतं, आणि 'मिटवा, मिटवा' चा जोर अशा ठिकाणी जास्त असतो.

एक कागद नाही, कागदांची माळ आहे

'अपघाताचा रिपोर्ट' असं लोक म्हणतात, पण तो एकच कागद नसतो. पहिली येते प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. त्यानंतर घटनास्थळ पंचनामा, मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, जखमी असेल तर दवाखान्याची एमएलसी नोंद आणि जखमांचं प्रमाणपत्र. गाडीची आरसी, विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स आणि गाडीच्या तपासणीचा अहवाल त्याला जोडला जातो. शेवटी दोषारोपपत्र.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते घटनास्थळ पंचनाम्याकडे. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, गाडी रस्त्यातच उभी होती, ब्रेक लागल्याच्या खुणा अमुक इतक्या फुटांच्या, हे सगळं तिथेच लिहिलं जातं. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीला नवा लाल दिवा बसलेला असतो. पंचनाम्यात दिव्याचा उल्लेख नसेल तर 'दुचाकीवालाच मागून येऊन धडकला' एवढंच शिल्लक राहतं आणि विमा कंपनीचा वकील तेच धरून बसतो. म्हणून मयताचे नातेवाईक दवाखान्यात असले तरी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाने जागेवर थांबणं, मोबाईलवर गाड्यांचे, नंबर प्लेटचे, रस्त्याचे फोटो काढणं आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहणं गरजेचं असतं. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आता धरू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

फिर्याद का लांबते?

कायद्याने गाडीच्या चालकावरही जबाबदारी टाकली आहे. कलम १३४ प्रमाणे त्याने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांना कळवायचं. प्रत्यक्षात चालक पळून जातो आणि घरचे दवाखान्याच्या मागे लागतात. अपघात एका तालुक्यात, आधी नेलं ग्रामीण रुग्णालयात, तिथून पाठवलं जिल्ह्याला. जबाब घेतला जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या पोलीस चौकीने. ते कागद फिरत फिरत मूळ ठाण्यात येईपर्यंत दिवस जातात. तोवर ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' एवढीच नोंद असते. घरच्यांना वाटतं केस झाली. ती झालेलीच नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत यावर उपाय आहे. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला फुकट मिळाली पाहिजे, असंही याच कलमात लिहिलं आहे. ठाण्यात दाद लागत नसेल तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, त्यानेही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फिर्यादीला चार-आठ दिवस उशीर झाला म्हणून सगळं संपलं असंही नाही. घरचा माणूस मरणाच्या दारात असताना नातेवाईक आधी दवाखाना बघणार की ठाणं, हे न्यायालयालाही कळतं. निव्वळ उशिराच्या कारणावरून भरपाई नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात सांगितलं आहे. फक्त उशीर का झाला ते फिर्यादीत स्पष्ट लिहावं.

नियम पोलिसांच्या बाजूनेही कडक, पण लोकांना माहीत नाही

१ एप्रिल २०२२ पासून केंद्राचे नवे नियम लागू आहेत. त्यानुसार तपास अधिकाऱ्याने अपघात कळल्यापासून ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. १० दिवसांत पीडिताच्या घरच्यांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. हा सविस्तर अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणूनच धरू शकतं, तशी तरतूद कलम १६६ मध्ये आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम पाळा, त्यासाठी ठाण्यात प्रशिक्षित पथक नेमा, असे आदेश सगळ्या राज्यांना दिले.

मग अडतं कुठे? ग्रामीण ठाण्यात एकाच हवालदाराकडे बंदोबस्त, समन्स, भांडणं आणि अपघात असं सगळं असतं. अहवालाची मुदत त्याच्या डोक्यावर असते, पण मागणारा कोणी नसतो. घरच्यांना 'दहा दिवसांत नमुना मिळायला पाहिजे' हेच ठाऊक नसेल तर ते मागणार काय? ज्या घरातून लेखी अर्ज जातो, त्याच्या प्रतीवर पोहोच घेतली जाते आणि तारखेनिशी पाठपुरावा होतो, तिथे कागद हलतो. तोंडी विचारणाऱ्याच्या वाट्याला 'साहेब बाहेर आहेत' एवढंच येतं.

गाडीचा नंबर, मालकाचं नाव-पत्ता, विमा कंपनी ही माहिती भरपाई मागणाऱ्याला ठरलेली फी घेऊन देणं कलम १६० प्रमाणे ठाणे अंमलदारावर आणि आरटीओवर बंधनकारक आहे. अर्जात हे कलम लिहिलं की बोलणं बदलतं. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' मध्ये जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून शोधता येते. गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की दिसतं. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर सगळ्या कागदांच्या प्रमाणित नकला न्यायालयातून मिळतात. त्यासाठी एजंटाला पाच-दहा हजार मोजायची गरज नाही.

मुदतीचा फास

पूर्वी भरपाईच्या दाव्याला मुदत नव्हती. १९९४ मध्ये ती काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती परत आली. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर झोपून राहणं धोक्याचं. दावा अपघात झाला तिथे किंवा वारस राहतात त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

त्याहून कमी मुदत आहे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची. शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य अपघातात गेला तर २ लाख मिळतात, पण ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज गेला पाहिजे. त्यातही पोलिसांचे कागद लागतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा बिमाही २ लाखांचा आहे. खात्यातून पैसे कापले जातात हे घरात कोणालाच माहीत नसतं, म्हणून पासबुक बघणं पहिलं काम.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी कायदा हात वर करत नाही. मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे होतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिनाभरात गाडी सापडली नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनीच घरच्यांना लेखी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. पण इथेही मुळात एफआयआर असावी लागते.

दुसरी बाजूही आहे

कागद पाहिजे म्हणून खोटा कागद करणं हा उपाय नाही. अपघात केला एका गाडीने, विमा नाही म्हणून फिर्यादीत घातली पाहुण्याची दुसरी. गाडी चालवत होता पोरगा, लायसन्स नाही म्हणून पुढे केला चुलता. असं करणारे 'सगळं जमवून देतो' म्हणत दवाखान्याच्या दारातच भेटतात. विमा कंपन्या आता प्रत्येक मोठ्या दाव्याची खासगी चौकशी करतात. दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत 'स्वतः घसरून पडला' असं लिहिलेलं असतं आणि महिन्याने फिर्यादीत ट्रक येतो. तिथे खरा दावाही बुडतो आणि उलटा गुन्हा अंगावर येतो. म्हणूनच दवाखान्यात दाखल करताना केसपेपरवर अपघात कसा झाला ते खरं आणि पूर्ण लिहून घेणं महत्त्वाचं.

स्वतःच्याच चुकीने घसरून पडलेल्यालाही रस्ता आहे. दुचाकीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असेल आणि लायसन्स चालू असेल तर वारसांना तो मागता येतो. पण पॉलिसी काढताना दोन-चारशे रुपये वाचवायला अनेक जण नेमका तोच भाग वगळायला सांगतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं जुनी माणसं म्हणत. जमिनीच्या वादात ते खरं असेलही. पण अपघाताच्या बाबतीत पायरी न चढणाऱ्याचं घर उघड्यावर पडतं आणि मध्यस्थी करणारा दहाव्याला जेवून मोकळा होतो. मयताच्या लेकरांच्या शाळेची फी भरायला पुढच्या जूनमध्ये त्यातलं कोणी येत नाही. गावातल्या वजनदार माणसांना खरंच मदत करायची असेल तर त्यांनी बैठक जरूर घ्यावी, पण एफआयआरची प्रत वारसांच्या हातात पडल्यानंतर.