लसीकरण : विद्यार्थ्यांची अनिच्छा की व्यवस्थेची घाई?

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांना सर्वांत आधी लागली, त्यांत अमरावती व अकोला हे प्रमुख होते. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर ही शहरे पुन्हा बंद करावी लागली. ज्या बी.१.६१७ कुळातून पुढे 'डेल्टा' हा विषाणू निघाला, त्या कुळाचा माग काढताना अमरावतीचे नाव शास्त्रज्ञांच्या चर्चेत वारंवार आले. साथीचा इतका निकटचा अनुभव घेतलेल्या वऱ्हाडातील विद्यार्थी लस घेण्यासाठी सर्वांच्या पुढे असतील, अशी अपेक्षा कुणीही केली असती. प्रत्यक्षात मात्र त्या वर्षाच्या उत्तरार्धात, तरुण मुले लसीबाबत उदासीन आहेत, असाच सूर कचेऱ्यांतून व प्राचार्यांच्या बैठकांतून ऐकू येत होता. हा ठपका कितपत न्याय्य होता, याचा विचार साथ ओसरल्यावर शांतपणे व्हावयास हवा होता. तो झाला नाही.

एखाद्या विद्यार्थ्याने लस घेतली नाही, एवढ्यावरून त्याला ती नकोच होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे बाजारात न आलेल्या माणसाला खरेदीची इच्छाच नाही असे ठरविण्यासारखे आहे. त्याच्या गावाहून बाजार दूर असेल, त्या दिवशी दुकान बंद असेल किंवा विक्रेत्यावर त्याचा विश्वास नसेल. ही तीन कारणे परस्परांहून भिन्न असून त्यांवरील उपायही भिन्न आहेत. त्या सर्वांना 'अनिच्छा' हे एकच नाव दिले, की उपाय म्हणून सक्तीशिवाय दुसरे काही सुचत नाही.

फुकट लसीची किंमत

अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी सुरू झाले. परंतु पुरवठाच नसल्याने त्याच महिन्याच्या मध्यास राज्य शासनाला १८ ते ४४ या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. जे थोडे दिवस ते चालले, त्या दिवसांत आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. ज्याच्या हाती चांगला मोबाईल व वेगवान जाळे, त्याला जागा मिळे. खेड्यातील केंद्रांवरच्या जागा शहरातील मंडळींनी आधीच राखून ठेवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील ज्या गावांत मोबाईललाच आवाज येत नाही, तेथील विद्यार्थ्याने ही स्पर्धा कशी जिंकावी?

जूनच्या उत्तरार्धात हा वयोगट पुन्हा खुला झाला व शासकीय केंद्रांवर लस विनामूल्य मिळू लागली. परंतु एखाद्या वस्तूचा भाव शून्य असला म्हणजे तिची किंमतही शून्य होते असे नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. जून-जुलै हे वऱ्हाडात पेरणीचे आणि त्यापाठोपाठ डवरणी-निंदणाचे दिवस. या दिवसांत शेतकऱ्याचा व शेतमजुराचा महाविद्यालयीन मुलगा घरच्या कामाचा एक हात असतो. तालुक्याला जाण्यात, रांगेत उभे राहण्यात एक दिवस आणि लशीनंतर अंग मोडून आले तर आणखी एक दिवस, असा हिशेब तो करतो. हा हिशेब अडाणीपणाचा नव्हे. पगारी रजा मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला तो करावा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

तारखांचे गणित

राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडली, तेव्हा प्रत्यक्ष वर्गात बसण्यासाठी लसीच्या दोन्ही मात्रांची अट घालण्यात आली. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर १३ मे रोजीच किमान १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस करण्यात आले होते. २० ऑक्टोबरपासून मागे ८४ दिवस मोजले की २८ जुलै ही तारीख येते. याचा अर्थ असा, की पहिली मात्रा २८ जुलैनंतर घेतलेला कोव्हिशिल्डचा विद्यार्थी कितीही उत्सुक असला, तरी पहिल्या दिवशी ही अट पूर्ण करणे त्याला शक्यच नव्हते. जूनच्या उत्तरार्धात लस खुली झाली हे लक्षात घेतले, तर त्याच्या हाती उणेपुरे पाच आठवडे उरतात, आणि तेही ऐन शेतीच्या हंगामातील. कोव्हॅक्सिनचे अंतर अवघे २८ दिवसांचे होते हे खरे. पण तिचा पुरवठा तुलनेने फारच कमी होता.

यानंतर २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात 'मिशन युवा स्वास्थ्य' या नावाने महाविद्यालयांतूनच लसीकरणाची मोहीम राबविण्यात आली. लस विद्यार्थ्याच्या दारी नेण्याची ही कल्पना निःसंशय योग्य होती. दुर्दैव एवढेच, की अट आधी आली आणि सोय पाच दिवसांनी मागून आली. शिवाय तो काळ दिवाळीच्या तोंडावरचा, सोयाबीनच्या सोंगणीतून मोकळे होऊन कापसाच्या वेचणीकडे वळण्याचा. आणि त्याच आठवड्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप पेटू लागला होता. हीच शिबिरे जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप पाहून गावोगावच्या महाविद्यालयांत भरविता आली असती, तर अनिच्छेची तक्रार बरीच कमी झाली असती.

विश्वासाचा प्रश्न

सोय झाली म्हणजे सर्व शंका मिटतात असे मात्र नाही. आरंभापासून तरुणांच्या कानी हेच पडले, की हा रोग मुख्यतः म्हाताऱ्यांना मारतो. लसीचा क्रमही आधी साठीच्या पुढचे, मग पंचेचाळीशीच्या पुढचे असा होता. लस अपुरी असताना तो क्रम योग्यच होता. परंतु 'आपल्याला तिची तितकी गरज नाही' असा अर्थ तरुणांनी त्यातून काढला. आपण घेतलेली लस घरातील आजी-आजोबांच्याही उपयोगी पडते, हे त्यांना कुणी पुरेसे सांगितले नाही.

विद्यार्थिनींची अडचण आणखी वेगळी. मासिक पाळीच्या आधी व नंतर पाच दिवस लस घेऊ नये, असा संदेश एप्रिल २०२१ मध्ये देशभर फिरला. शासनाने तो खोटा असल्याचे जाहीर केले, पण खुलासा अफवेच्या वेगाने धावत नाही. लशीने वंध्यत्व येते या अफवेने तर लग्नाच्या वयाच्या मुलींचे पालक हादरले. अशा घरात मुलीची इच्छा हा एकमेव निर्णायक घटक कधीच नव्हता. तिच्या आईशी मोकळेपणी बोलू शकणारी परिचारिका किंवा प्राध्यापिका येथे शंभर फलकांहून अधिक उपयोगी पडली असती. मेळघाटात हे काम कोरकू बोलणाऱ्या माणसानेच करावयास हवे, हे वेगळे सांगावयास नको.

दुष्परिणामांविषयीही हेच म्हणावे लागेल. कोव्हिशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता असलेली २६ प्रकरणे आढळली असून, हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके आहे, असे केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितले होते. ही माहिती दडविलेली नव्हती. परंतु ती वर्गात फळ्यावर लिहून, तिची करोनाने होणाऱ्या मृत्यूंशी तुलना करून दाखविण्याचे कष्ट किती महाविद्यालयांनी घेतले? पुढे २०२४ मध्ये मूळ ब्रिटिश कंपनीने हा दुर्मिळ धोका न्यायालयात मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा हजारो तरुणांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. आधी सांगितलेला धोका माणूस तोलून स्वीकारतो; मागाहून कळलेल्या धोक्याने त्याचा सांगणाऱ्यावरचाच विश्वास उडतो.

सक्तीची मर्यादा

सक्तीचा एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे. लस न घेणाऱ्याच्या निर्णयाचा भार इतरांवर पडतो, म्हणून तो निर्णय केवळ त्याच्यावर सोडता येत नाही. हे तत्त्व नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी अशी अट घातली आणि इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिला दिलेल्या आव्हानात हस्तक्षेप करण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नकार दिला. परंतु तेथे मागेल त्याला लस मिळत होती, हे विसरता कामा नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी एकीकडे कुणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे सांगितले, तर दुसरीकडे सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी व प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. 'प्रमाणशीर' हाच यातील कळीचा शब्द आहे.

सक्तीने लसीकरणाचे आकडे वाढतात. मने वळतातच असे नाही. जुलै २०२२ पासून पंचाहत्तर दिवस तिसरी मात्रा प्रौढांना विनामूल्य देऊ करण्यात आली, तेव्हा कुठल्याही महाविद्यालयाचे फाटक तिची विचारणा करीत नव्हते. देशभर प्रतिसाद थंडच राहिला. साथीचे भय ओसरले होते, हे त्याचे मोठे कारण आहेच. पण पहिल्या दोन मात्रा पटवून घेतल्या की प्रवेशपत्रिका म्हणून घेतल्या, याचाही थोडा उलगडा त्यातून होतो.

येथील विद्यापीठ ज्या संत गाडगेबाबांचे नाव धारण करते, ते आधी गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्यामागेही हीच रीत होती. याच विद्यापीठाच्या आवारात २०२० साली करोनाचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा उभी राहिली, म्हणजे ज्ञानाची उणीव आपल्याकडे नव्हती. ते ज्ञान वर्गापर्यंत आणि तेथून घरापर्यंत नेणारी वाट तेवढी बांधलेली नव्हती.

पुढची साथ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. तोपर्यंत काही गोष्टी मात्र नक्की करता येतील. शिबिर आधी व अट मागून, हा क्रम नियमात लिहून ठेवावा. शेतीचा हंगाम पाहून शिबिरांच्या तारखा ठरवाव्यात. लशीनंतरच्या दिवसाची हजेरी धरली जावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी व शिक्षक यांना शंकांची उत्तरे आकड्यांसह देण्याचे प्रशिक्षण आधीच मिळावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. एवढे केल्यावरही जो विद्यार्थी नकार देईल, त्याला अनिच्छुक म्हणण्याचा अधिकार मग व्यवस्थेला खुशाल असावा.