आभाळाचं सोवळं

गॅलिलिओची गोष्ट आपल्याला शाळेत अर्धीच शिकवली. एक म्हातारा, एक दुर्बीण, एक हट्टी पोप. म्हाताऱ्यानं गुडघे टेकून माफी मागितली आणि उठता उठता पुटपुटला की तरी ती फिरतेच. हे पुटपुटणं मागाहून रचलेलं, खटल्याच्या कागदांत ते नाही. आणि गोष्ट अशी सांगितली की भांडण फक्त एका गोळ्याचं वाटतं, तो फिरतो की नाही एवढंच. दोस्तांनो, भांडण होतं वर कोण आणि खाली कोण याचं. पोथीचा अर्थ कुणी लावायचा याचं. असलं भांडण आपल्याला कुणी फोड करून सांगायची गरज नाही.

जुनं आभाळ कसं होतं ते बघा. अ‍ॅरिस्टॉटलनं मांडलेलं, टॉलेमीनं गणितात बसवलेलं, चर्चनं देव्हाऱ्यात ठेवलेलं. मधोमध पृथ्वी. चंद्राच्या खालचं सगळं नासणारं, कुजणारं, मरणारं. चंद्रापासून वर सगळं शुद्ध. तिथलं द्रव्यच वेगळं, ते झिजत नाही, बदलत नाही. म्हणजे आभाळालाही सोवळं होतं आणि चंद्र ही त्याची शीव होती. काही शहाणे लिहितात की पृथ्वी मध्यातून हलवली म्हणून माणसाचा अपमान झाला. कसला अपमान? त्या आभाळात मध्य म्हणजे तळ. गाळ साचतो ती जागा.

कोपर्निकस चर्चचाच माणूस, पोलंडात फ्राउएनबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये पदावर होता. १५४३ साली त्याचं पुस्तक छापून आलं आणि त्याच साली तो मेला. त्यानं सूर्य मधे ठेवला आणि पृथ्वी उचलून ग्रहांच्या पंगतीत बसवली. पंगत हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शुक्र, मंगळ, गुरू आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ही चिखलमातीची पृथ्वी! मग १६०९-१० मध्ये गॅलिलिओनं दुर्बीण वर केली. चंद्रावर डोंगर न् खड्डे निघाले. गुरूभोवती चार चंद्र फिरताना दिसले. खुद्द सूर्यावर डाग. सोवळं फाटलं.

आता त्यांची हुशारी बघा. कोपर्निकसचं पुस्तक न्युरेंबर्गला छापत असताना ओसियांडर नावाच्या धर्मपंडितानं त्याच्यापुढं एक बिननावाची प्रस्तावना चिकटवली. तिचा मतलब असा, की हे सगळं गणितापुरतं आहे, खरं असलंच पाहिजे असं नाही. तो प्रोटेस्टंट होता. पुढं कॅथलिकांनी तोच धागा धरला. १६१५ मध्ये कार्डिनल बेल्लार्मिनोनं लेखी कळवलं की सोयीसाठी पृथ्वी फिरते असं धरून हिशोब करायला हरकत नाही. खरंच फिरते म्हणाल तर धोका. ५ मार्च १६१६ ला पुस्तक 'दुरुस्त होईपर्यंत' अडवलं आणि १६२० साली दुरुस्त्या जाहीर केल्या. जिथं जिथं हे सत्य म्हणून लिहिलं होतं तिथं तिथं खोडून 'असं धरून चालू' असं करायचं. इटलीतल्या निम्म्याहून जास्त प्रतींवर ही खाडाखोड आजही दिसते.

गणित करा, खरं म्हणू नका. हे नीट ध्यानात ठेवा, कारण जाळणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त टिकतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पृथ्वी फिरते तर तारे सरकलेले का दिसत नाहीत, ही शंका त्या काळी खरी होती. ताऱ्याचं ते सरकणं मोजायला बेसेलपर्यंत, १८३८ पर्यंत थांबावं लागलं. गॅलिलिओनं भरती-ओहोटीचा पुरावा दिला तोही चुकीचाच. पण शंकेला उत्तर दुर्बिणीनं द्यायचं की कोठडीनं?

आणि पोथीचं म्हणाल तर, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५४६ सालीच ठरवून टाकलं होतं की बायबलचा अर्थ लावणं चर्चचं काम. गॅलिलिओनं नेमका तोच हात घातला. वर १६३२ चं पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिलं. लॅटिन म्हणजे तिथलं संस्कृत समजा. इंखोफर नावाच्या जेझुइट पंडितानं खटल्यासाठी जो अहवाल दिला त्यात ही तक्रार स्पष्ट आहे, की हा साध्या लोकांना नादी लावायला लोकभाषेत लिहितो. बघा, दुखणं कुठं होतं!

२२ जून १६३३. एकोणसत्तर वर्षांचा माणूस रोममध्ये गुडघ्यावर. पुस्तकावर बंदी, मरेपर्यंत नजरकैद, आणि वर तीन वर्षं दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रं म्हणायची. ती स्तोत्रं मठातल्या त्याच्या मुलीनं स्वतःच्या अंगावर घेतली. वर्षभरात ती मेली. या बंदी घातलेल्या पुस्तकांची नावं चर्चच्या यादीतून १८३५ ला गेली. चूक झाली हे पोपनं कबूल केलं १९९२ साली.

आपल्याकडचे पंडित हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसतात. आमच्यात असलं नव्हतं म्हणतात. आर्यभटानं ४९९ सालीच पृथ्वी फिरवली म्हणतात. होय, स्वतःभोवती फिरवली, नावेचा दाखलाही दिला. सूर्याभोवती नाही. आणि त्या आर्यभटाचं तुम्ही काय केलंत? ६२८ साली ब्रह्मगुप्तानं त्याला झोडपलं. नंतरच्या टीकाकारांनी त्याच्या श्लोकाचा अर्थच उलटा करून टाकला. हाच ब्रह्मगुप्त ग्रहणाचं गणित सावलीनं करतो आणि राहू नाही म्हणणारे वेद-स्मृतीच्या बाहेर, असंही लिहितो. अल्-बेरुनीनं हजार वर्षांपूर्वी त्याला पकडलं. एवढा जाणता माणूस असं का लिहितो? सॉक्रेटिसासारखी गत होईल म्हणून भ्याला असेल, असा त्याचा अंदाज. आणि आमच्यात छळ नव्हता म्हणणाऱ्यांना २० ऑगस्ट २०१३ ची पुण्यातली सकाळ विचारा. डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते.

ब्रह्मगुप्ताच्या त्या एका ओळीची किंमत कुणी मोजली? सूर्याला धरणारा राहू महारा-मांगांतला, अशी समजूत गावोगाव होती. म्हणून ग्रहण लागलं की आपलीच माणसं 'दे दान, सुटे गिराण' ओरडत दारोदार फिरायची. जुनेर, मूठभर दाणे. गावाचा विटाळ झोळीत. वाड्यात बसलेल्या जोशाला सावली ठाऊक होती, पण त्यानं ती पोथीत बंद ठेवली. १९५६ नंतर आपण ती झोळी फेकली. कोपर्निकस वाचून नाही फेकली, बाबासाहेबांमुळं फेकली.

पण कोपर्निकस पंचांगात मात्र केव्हाच शिरलाय, मागच्या दारानं. केरोपंत छत्र्यांनी १८६० मध्ये युरोपातल्या कोष्टकांवरून ग्रहांची कोष्टकं केली. ती कोष्टकं सूर्य मधे धरूनच केलेली होती. त्यांवरून तिथ्या सुधारल्या. सुधारलेल्या तिथीवर मुहूर्त तेच, शनीची पीडा तीच, दक्षिणा तीच. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं फलज्योतिषाला 'ज्योतिर्विज्ञान' म्हणून विद्यापीठाचं दार उघडलं आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उघडं ठेवलं. बेल्लार्मिनो आज असता तर त्याला इथं विभागप्रमुख केलं असतं.

आणि आपलं? वस्तीत बी.एस्सी. झालेली पोरं आहेत, केप्लरचे नियम पाठ आहेत. बौद्ध पद्धतीनं लग्न, वंदना, बाबासाहेबांचा फोटो, सगळं रीतसर. पण तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मागची पानं कोण चाळतं? पत्रिका गुपचूप कोण दाखवून येतं? पुढच्या महिन्यात तुमच्या घरी, शेजारी, कार्यकर्त्याच्या घरी लग्न असेल तर तारीख कुणी काढली ते विचारा. जे उत्तर मिळेल ते नाव न देता लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.