फॉरमॅट मारावा लागेल!

मराठी माणूस पुष्कळ गोष्टी मारतो. शिक्का मारतो, थाप मारतो, चक्कर मारतो, शेजाऱ्याला टोमणे मारतो आणि ऑफिसला बुट्टीही मारतो. या एवढ्या मारामारीत आजवर कोणाचा जीव गेल्याचं ऐकिवात नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत तो फॉरमॅटही मारू लागला आहे, आणि हा मार खरा असतो. यात माणसं जातात. जिवंत जात नाहीत, गेलेली पुन्हा एकदा जातात.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात जा. काउंटरवर डिस्क ठेवा. दुकानातला पोरगा तुमच्याकडे न बघता, डिस्ककडेही न बघता, मोबाइलकडे बघत निकाल देतो, "फॉरमॅट मारावा लागेल." पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी "हं, जाळावा लागेल" असं सांगितल्यासारखंच हे आहे. माझं भांडण या वाक्याशी आहे. आणि ते मी सोडणार नाही.

माझ्या मेहुण्यांची एक हार्ड डिस्क होती. खिशात मावेल एवढी, एक टीबीची. तिच्यात अकरा वर्षांचे फोटो होते: बारशी, मुंजी, दोन लग्नं, आणि अष्टविनायकाच्या सहलीतले सहा गणपती. (उरलेल्या दोघांच्या वेळी मेहुण्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.) आणि आणखी एक गोष्ट होती. २०१६ साली मेहुण्यांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, समोर बसवून पानशेतच्या पुराची हकिगत रेकॉर्ड करून घेतली होती. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा अण्णा बारा वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. २०१९ साली अण्णा गेले. आवाज डिस्कमध्ये राहिला.

एक दिवस डिस्कवर काहीतरी कॉपी होत असताना वीज गेली. वीज आली, पण डिस्क पूर्वीची राहिली नाही. जोडल्यावर पडद्यावर चौकट उमटली: ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणं आवश्यक आहे. खाली दोन बटणं. पहिलं फॉरमॅटचं, दुसरं रद्द करण्याचं.

या चौकटीबद्दल मला आधी बोलू द्या. इतकं सभ्य भाषेतलं असत्य मी फक्त कर्जाच्या अर्जांत वाचलं आहे. 'वापरण्यापूर्वी' म्हणे! अहो, ज्याला रिकामी डिस्क वापरायची आहे त्याच्यासाठी हे खरं. पण ज्याची अकरा वर्षं आत अडकली आहेत त्याला डिस्क वापरायची नसते, ती परत हवी असते. कॉम्प्युटरला फक्त एवढंच म्हणायचं असतं की 'मला आतली यादी वाचता येत नाही.' आपलं अज्ञान कबूल करण्याऐवजी तो दुसऱ्याचं घर पाडण्याची परवानगी मागतो.

मेहुण्यांनी ते बटण दाबलं नाही. ते शहाणे आहेत. त्यांनी डिस्क दुकानात नेली. "फक्त बघून सांगा," असं बजावून ठेवली. संध्याकाळी पोरगा विजयी मुद्रेने म्हणाला, "साहेब, डिस्क एकदम ओके! पूर्ण एक टीबी मोकळी करून दिलीय. चेक करायला एक पिक्चरपण टाकून बघितला, मस्त चालतोय." आणि वर तीनशे रुपये घेतले.

आता हे पाप नेमकं किती मोठं, ते कॉमर्स ग्रॅज्युएटला कळेल अशा भाषेत सांगतो. मी बँकेत लागलो तेव्हा शाखेच्या माळ्यावर जुन्या लेजरांचे ढीग होते. प्रत्येक लेजरच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असे: अमुक खातेदार, तमुक पान. डिस्कचंही तसंच असतं. मजकूर एकीकडे आणि कोणता मजकूर कुठे, याची यादी दुसरीकडे. वीज गेली, तार ओढली, की बहुधा यादी बिघडते. पानं जागच्या जागी असतात. फाइल 'डिलीट' केली तरी या फिरत्या डिस्कवर यादीतली नोंद खोडली जाते आणि ती जागा मोकळी समजली जाते. मजकूर तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे जुनी यादी फाडून कोरी यादी चिकटवणं. (साधा, सावकाश चालणारा फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या पानांवर शून्यं गिरवतो. तो मारला की संपलंच. आणि नव्या एसएसडी प्रकारात तर डिलीट केलेला मजकूर डिस्क स्वतःच थोड्या वेळात साफ करून टाकते.)

म्हणजे लेजरची अनुक्रमणिका फाटली, एवढंच झालं होतं. उद्या आमच्या शाखेत अनुक्रमणिका फाटली आणि आम्ही ठेवीदारांना सांगितलं की, "लेजर मिळत नाही, सबब तुमचे पैसे नाहीत, हवं तर नवीन कोरं लेजर देतो, मस्त चालतंय," तर पेठेतली माणसं आम्हाला जिवंत ठेवतील? मग डिस्कच्या बाबतीत ती मुकाट तीनशे रुपये का देतात?

उपाय ठाऊक नाही असंही नाही. आमच्या हेडकॅशियरची मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने डिस्क हातात घेऊन पहिलं वाक्य उच्चारलं, "काका, आता हिच्यावर कुणी एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही." मला तिच्यात भावी चीफ मॅनेजर दिसला. मग तिने दुसरी मोठी डिस्क मागवली आणि आजारी डिस्कची अथपासून इतिपर्यंत, चांगल्या-वाईट सगळ्या भागांसकट, हुबेहूब नक्कल काढली. यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अवघड जागांशी नंतर झटतो. पुढची सगळी खटपट नकलेवर. मूळ दस्त तिजोरीत, काम झेरॉक्सवर! बँकेतल्या शिपायालाही कळतं ते.

मी मध्येच आपली अक्कल पाजळली, "चेकडिस्क मारून बघू या का?" (पाहा, मीही मारायलाच निघालो होतो.) ती म्हणाली, "नको काका. चेकडिस्क यादी जुळवतो, तुमचे फोटो नाही." जे तुकडे कुणाचे ते कळत नाहीत, ते हा प्रोग्रॅम 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये नंबर घालून टाकतो आणि 'सगळं व्यवस्थित' म्हणून मोकळा होतो. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. यालाच आम्ही सस्पेन्स खातं म्हणतो.

मग 'फोटोरेक' नावाचा दुसरा प्रोग्रॅम, तोही फुकट, नकलेवर सोडला. हा यादीकडे बघतच नाही. पहिल्या पानापासून लेजर चाळत जातो आणि चेहरेपट्टीवरून फाइल ओळखतो. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेनेच होते. ती दिसली की हा धरतोच. पण नावं यादीत होती आणि यादी गेली. त्यामुळे फोटो बाहेर येतात ते तुरुंगातून सुटल्यासारखे, छातीवर नंबर लावून. अशा सोळा हजार कैद्यांत आमचे सहाही गणपती निघाले, आणि कोणा आप्तांनी पाठवलेले शुभ सकाळचे चारशे गुलाबही. पुरात गुलाब कधी बुडत नाहीत.

हे सगळं वाचून कोणी आपली टकटक वाजणारी डिस्क घरी तासन्‌तास चालवत बसू नये. वाजणं म्हणजे यंत्राचं दुखणं. तिच्यातली तबकडी साधारण मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगतं. माणसाचा केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. अशी डिस्क ताबडतोब बंद करायची आणि धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञाकडे न्यायची. फ्रीजमध्ये ठेवा, असं सांगणारेही भेटतात. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर आत-बाहेर दव जमतं. फ्रीज भेंडीसाठी आहे.

आणि तज्ज्ञ काय करू शकतो? १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान आकाशात फुटलं. कल्पना चावला त्यातच गेली. यानातली एक हार्ड डिस्क टेक्सासमधल्या कोरड्या तळ्यात काही महिन्यांनी जळक्या अवस्थेत सापडली, आणि तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला गेला. त्यावरून २००८ साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. अंतराळातून पडलेली डिस्क वाचते आणि आपल्या दुकानात काउंटरवरची वाचत नाही! कारण तिकडे कोणी तिच्यात पिक्चर टाकून बघितला नाही.

आता उरले ते दुखवट्याला येणारे. "बॅकअप घेतला नव्हता का?" हा त्यांचा प्रश्न. ज्याचं घर जळलं त्याला "वाळूची बादली नव्हती का?" म्हणून विचारणारी ही जात. त्यांच्या माहितीसाठी: १९९८च्या सुमारास 'टॉय स्टोरी २'चा बराचसा भाग एका चुकीच्या आज्ञेने पुसला गेला. बॅकअप होता, तो चालत नव्हता, एवढंच. चित्रपट वाचला तो एका तंत्रज्ञ बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत आणि त्यांच्याकडे एक प्रत होती. अ‍ॅनिमेशनच्या राजांची ही कथा, तर माझ्या मेहुण्यांनी काय करावं?

शिवाय हे शिकवणाऱ्यांनी ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' ठरवला आहे, २०११ पासून. ३१ मार्च! त्या दिवशी बँकेतल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. आणि दुकानदार याच डिस्का 'बॅकअपसाठी बेस्ट' म्हणून विकतात. एकुलत्या एका प्रतीला बॅकअप म्हणणं ही भाषेशी बेईमानी आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा त्या शास्त्राचा नियम. तो खोक्यावर छापत नाहीत. छापतात ती वॉरंटी. ती वाचा. डिस्क बिघडली तर डिस्क बदलून मिळेल. अण्णा बदलून मिळत नाहीत.

अण्णांच्या चार रेकॉर्डिंगपैकी तीन सापडली. पुराचं रेकॉर्डिंग बावीस मिनिटांपर्यंत आलं. त्यात अण्णा सांगतात की पूर ओसरल्यावर त्यांच्या वडिलांनी चिखलातून घरची कागदपत्रं काढली आणि दोऱ्या बांधून एकेक पान वाळत घातलं. महिनाभर घरात कपड्यांना दोरी नव्हती. मग अण्णा म्हणतात, "त्या कागदांत आजोबांचं एक पत्र होतं, त्यात असं लिहिलं होतं की..." आणि तिथे संपतं. तो पिक्चर नेमका पुढच्या जागेवर बसला आहे. बायको ती बावीस मिनिटं ऐकते आणि शेवटी दरवेळी थोडा वेळ तशीच बसते, पुढचं येईल म्हणून.

१९६१ साली चिखलातला कागद कोणी फेकून दिला नाही. "कोरा कागद देतो, मस्त चालतोय," असं कोणी म्हटलं नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. आमच्याकडे एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून पास केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. तोच नियम दुरुस्तीच्या दुकानांना लावा. फॉरमॅट मारण्यापूर्वी व्हाउचर भरा: डिस्क कोणाची, आत कोण कोण आहे, नक्कल काढली का, आणि खाली मालकाची सही घ्या. सही नसेल तर हात खिशात ठेवा. आणि अगदीच हात शिवशिवत असतील तर मराठीत मारण्यासारखं पुष्कळ आहे. माश्या मारा.