माहेरचे पाळक, सासरचे फादर

सोलापूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मुंबईला नर्स आहे. तिने वसईच्या एका मुलाशी लग्न ठरवले आहे. मुलगा शिकलेला, नोकरीत कायम, निर्व्यसनी. अडचण एकच. हे घर सीएनआय चर्चचे, तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट, आणि मुलगा कॅथलिक. "आम्हीही ख्रिस्तीच ना? मग त्यांच्या बिशपांची परवानगी कशाला? आणि लेकीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?" असे त्या विचारतात. शेवटी सहज एक ओळ लिहितात, "पोराबाळांचं काय ते पुढे बघू."

ताई, तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. खरी मेख त्या शेवटच्या ओळीत आहे.

आधी बाप्तिस्म्याचे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानते. तो दुसऱ्यांदा देत नाहीत. तुमच्या पाळकांकडून लेकीचा बाप्तिस्म्याचा दाखला मात्र काढून ठेवा. तो लागेलच. लग्नासाठी तिने कॅथलिक झालेच पाहिजे, असाही नियम नाही. सासरच्यांना बरे वाटावे म्हणून कुणी घाईने चर्च बदलू नये. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचेच बघा ना. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली, स्वतःच्या मनाला पटले तेव्हा. त्यांची गोष्ट हिंदू घरातली, पण धडा आपल्यालाही लागू पडतो.

आता परवानगीचे. कॅथलिक माणसाला दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न करायचे तर त्याच्या बिशपांची परवानगी लागते. ती मागायची मुलाने, आपल्या धर्मग्रामाच्या फादरांमार्फत. लग्नापूर्वीचे शिबिर दोघांना करावे लागते. या साऱ्याला वेळ जातो. म्हणून हॉल ठरवून, पत्रिका छापून मग फादरांकडे धावू नये. चार-सहा महिने आधी जावे.

लग्न तुमच्याच चर्चमध्ये व्हावे असे तुमच्या मनात असेल, तर तेही होऊ शकते. पण त्यासाठी मुलाच्या बिशपांकडून वेगळी सूट घ्यावी लागते आणि तिला सबळ कारण लागते. सूट न घेता पाळकांकडून लग्न लावले, तर कायद्याने ते लग्न ठरेल, पण कॅथलिक चर्च ते धरणार नाही. मग जावयाला दर रविवारी मिस्सेला बसून कम्युनियन न घेता परतावे लागेल, आणि विहीणबाईंच्या मनात ते कायम सलत राहील. सकाळी इकडे नि संध्याकाळी तिकडे अशी दोनदा वचने घेतलेलीही चालत नाहीत. वचने एकदाच. मात्र लग्न वसईला झाले तरी तुमच्या पाळकांना शास्त्रपाठ वाचायला, आशीर्वादाची प्रार्थना करायला बोलावता येते. फादरांशी आधी बोलून ठेवा म्हणजे झाले. तुमची धाकटी लेक साक्षीदार म्हणून सही करू शकते.

आता ती शेवटची ओळ. परवानगी मिळण्यापूर्वी मुलाला एक वचन द्यावे लागते. मी माझा विश्वास सोडणार नाही, आणि होणाऱ्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे म्हणून माझ्याकडून होईल ते सगळे करीन, असे ते वचन. पूर्वी असे वचन दोघांकडून, बहुधा लेखी घेत. पोप सहावे पॉल यांनी 1970 साली नियम बदलला. तेव्हापासून वचन फक्त कॅथलिक व्यक्तीने द्यायचे. दुसऱ्या बाजूला त्याची पूर्ण कल्पना द्यायची, एवढेच. 1983 च्या धर्मसंहितेतही हेच आहे.

म्हणजे तुमची लेक कशालाच बांधली जात नाही, असे वाटेल. पण बाई गं, तिचा नवरा बांधला गेलेला असतो! "पुढे बघू" म्हणून गप्प बसायचे, आणि पाळण्यातल्या बाळावरून दोन आज्या भांडायच्या, याला काय अर्थ? वचन "माझ्याकडून होईल ते" करण्याचे आहे. बायकोवर जबरदस्ती करण्याचे नाही. 1993 साली रोमने काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, की मनापासून प्रयत्न करूनही मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला नाही, तर त्या पालकाला चर्चची शिक्षा होत नाही. पण ही पळवाट समजून, मनात एक ठेवून लग्नाला उभे राहणे म्हणजे फसवणूकच.

म्हणून साखरपुड्याआधी दोघांना एकत्र बसवा, आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात जा. त्यांनी एकमेकांना स्पष्ट विचारावे. मुलांचा बाप्तिस्मा कुठे? रविवारी ती कुणाबरोबर जाणार? लेकीला आपल्या चर्चमध्ये जाण्याची मोकळीक राहील ना, आणि कधीमधी मुलांना आजोळच्या उपासनेला नेता येईल ना? मुले कॅथलिक वाढतील हे लेकीला मनापासून मान्य होत नसेल, तर तिने आत्ताच तसे सांगावे. साखरपुडा न झालेला बरा, पण रोजची धुसफूस नको.

मान्य असेल, तर पुढच्या गोष्टी सोप्या आहेत, पण आधी ठाऊक असाव्यात. सासरी तिला मिस्सेला बसता येईल, कम्युनियन मात्र सहसा घेता येणार नाही. जावयालाही त्याचे चर्च तुमच्या प्रभुभोजनात भाग घेऊ देत नाही. पहिल्यांदा हे मनाला लागते. तो अपमान समजू नये. वसईकडे तिन्हीसांजेला घरोघर जपमाळेची प्रार्थना होते. लेकीने सगळ्यांबरोबर बसावे, म्हणावेसे वाटेल तेवढे म्हणावे. उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यांच्याकडे मटण नसते, तेव्हा नव्या सुनेने हौसेने कालवण शिजवायला घेऊ नये! प्रभूची प्रार्थना दोन्हीकडे एकच, फक्त राज्य, पराक्रम आणि गौरवाची शेवटची ओळ आपण लगेच जोडतो नि ते तिथे थांबतात. पहिल्याच दिवशी एकटीचाच आवाज घुमला तर लाजू नको म्हणावे.

आणि ताई, तुमच्यासाठी एक. नातवाचा बाप्तिस्मा वसईला ठरला तर रुसून घरी बसू नका. कॅथलिक धर्मआईबापाच्या जोडीने दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती साक्षीदार चालतो. तुमच्या मुलाचे, म्हणजे बाळाच्या मामाचे, नाव आत्तापासून सुचवून ठेवा. लेकीच्या बॅगेत तिचे "उपासना संगीत" घालायलाही विसरू नका. अंगाई म्हणून आईची गाणी गायला कुणाची परवानगी लागत नाही.