धुऱ्यावरचं विज्ञान

खरिपाची पिकं भरात आली की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवार फेरी निघते. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतले शेतकरी येतात, वाणांच्या तुकड्यांतून फिरतात. सोयाबीनची शेंग हातात धरून दाणे मोजतात, पऱ्हाटीची बोंडं चाचपतात आणि धुऱ्यावर उभ्या शास्त्रज्ञाला गाठतात. पाऊस पंधरा दिवस लांबला तर हे वाण तग धरते काय? आमच्या खारपाणपट्ट्यात चालंल काय? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा प्रश्न तयार असतो. याला कुणी विज्ञानमेळा म्हणत नाही, पण वऱ्हाडात विज्ञान सर्वांसाठी खुलं करणारा याहून अस्सल कार्यक्रम दाखवणं अवघड आहे.

विज्ञानाचा म्हणून जो कार्यक्रम होतो, तो बहुधा 28 फेब्रुवारीला. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्या 1928 च्या शोधाची आठवण म्हणून 1987 पासून हा विज्ञान दिन पाळला जातो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग उरलेल्या वेळात व्याख्यान. बाहेर थर्माकोलचे ज्वालामुखी. पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात, परीक्षक गुण मांडतात. निंदणाला जाणारी बाई तिथे दिसत नाही. तिला कुणी बोलावलेलंच नसतं.

तिला न बोलावण्याची किंमत 2017 च्या खरिपात कळली. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. अक्षरओळख नसली तरी हा त्रिकोण वाचता येतो; कुणी एकदा दाखवायला मात्र हवा. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला जुमानलं नाही. तिच्याशी गाठ पडली की मोजणी कामी येते. कामगंध सापळ्यात रोज 8 पतंग, असं सलग 3 दिवस झालं की फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही. न उमललेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. दुकानदाराच्या शब्दावर डबा उचलण्याऐवजी सापळ्यातले पतंग मोजणं हीच वैज्ञानिक दृष्टी, आणि ती रुजवायला सभागृह लागत नाही.

वऱ्हाडाला ही रीत नवी नाही. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. श्रोत्याला विचारायचं, त्याच्याच तोंडून उत्तर वदवायचं, आणि त्या उत्तराने त्याच्याच अंधश्रद्धेला चिमटा काढायचा, तोही वऱ्हाडी बोलीत. आजच्या किती विज्ञान व्याख्यात्यांना हे जमतं?

पापळच्या पंजाबराव देशमुखांनी तर मेळा थेट दिल्लीला नेला. त्यांनी उभारलेल्या भारत कृषक समाजाच्या पुढाकाराने 1959 च्या डिसेंबरात तिथे जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिका, रशियासारख्या देशांची दालनं तिथे होती आणि उद्घाटनाला खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. परदेशी यंत्रं शेतकऱ्याने स्वतः पाहावीत, हा त्यामागचा आग्रह. आता गावोगावच्या कृषी प्रदर्शनांत ट्रॅक्टरची विक्री, लोणची-पापड आणि नेत्यांचे फलक यांतून वाट काढत तंत्रज्ञान शोधावं लागतं. विक्रीला हरकत नाही. विद्यापीठाची मिनी दाल मिल बचत गटांपर्यंत पोचली ती अशा ठिकाणी पाहूनच. पण जिथे फक्त विकतात, तिथे गिऱ्हाइकाला विचारू देत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदला विज्ञान दिनी महाकाय रेडिओ दुर्बिणीचं आवार खुलं होतं आणि खेड्यापाड्यांतली हजारो मुलं 45 मीटर व्यासाच्या तबकड्यांखाली उभी राहतात. वऱ्हाडाकडे तशी दुर्बीण नाही. मात्र चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा आहे, जानेवारीभर चालणारी. हंडीतल्या मटणाच्या वासाने जाणारी गर्दी तिथे आयतीच असते. त्या गर्दीत एक राहुटी टाकावी. पूर्णा खोऱ्यातल्या माणसाने विहिरीचं पाणी बाटलीत आणावं, क्षार किती ते समोर मोजून घ्यावं. शेजारी कामगंध सापळा आणि चार रंगांचे त्रिकोण. सत्कार नको, रांग तेवढी असावी.

आणि काही गोष्टींना राहुटीही लागत नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी, सव्वाबाराच्या सुमारास, अकोल्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. अमरावती जरा उत्तरेला, म्हणून तिची पाळी साधारण एका दिवसाने. दोन्ही गावांतल्या शाळांनी काठ्या रोवून एकमेकांना फोन केला तर पृथ्वीचा गोलपणा अंगणात मोजता येईल. सूर्य जुलैत परतताना पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मुहूर्त मेचाच गाठावा लागतो, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून.