छावणीतील शिक्षिकेचा पगार : नागरिकत्व नसले तरी कोणते हक्क राहतात?

चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी आहे. औद्योगिक वसाहतीचे हे गाव. इथेच श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची मोठी छावणी आहे. छावणीत वाढून बी.एड. झालेली मुलगी खासगी शाळेत शिकवायला जाते, तेव्हा तिच्याकडे पदवी असते, पण भारताचे नागरिकत्व नसते. जन्म इथलाच असला तरीही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचा समावेश नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक सूट दिली. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांवर पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल दंडाची कारवाई होणार नाही. दिलासा मोठा आहे. मात्र ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क राज्यघटनेच्या कलम १६ ने नागरिकांनाच दिला आहे, त्यामुळे सरकारी शाळेची वाट बहुधा बंदच राहते.

मग उरते खासगी शाळा. तिथे पगार रोखीने, नेमणुकीचे पत्र नाही, आणि पैसे थकले तर "तुझ्याकडे कागद कुठे आहेत?" हा प्रश्न. या प्रश्नाला घाबरू नका. कायद्यापुढे समानता (कलम १४) आणि जीविताचे संरक्षण (कलम २१) 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८३ नुसार भारताशी युद्ध नसलेल्या देशाचा नागरिक भारतीयाप्रमाणेच दावा लावू शकतो. केलेल्या कामाचे पैसे मागायला नागरिकत्व लागत नाही.

अडचण दुसरीकडे आहे, आणि ती भारतीय शिक्षकांनाही तेवढीच भोवते. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक 'कामगार' नाहीत. म्हणून कामावरून काढल्याची तक्रार घेऊन कामगार न्यायालयात गेलेल्या शिक्षकाला अनेकदा परत फिरावे लागले. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. २००९ च्या दुरुस्तीने ती शिक्षकांना लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत सलग पाच वर्षे झाली असतील तर ती मागा.

दावा टिकतो तो पुराव्यावर. पगार बँक खात्यात मागा. हजेरीपत्रक, वेळापत्रक, तपासलेल्या पेपरांवरील सही, मुख्याध्यापकांचे व्हॉट्सअॅप संदेश यांचे फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. छावणीचे ओळखपत्र मूळ स्वरूपात शाळेकडे देऊ नका, झेरॉक्स द्या.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००.