हस्ताक्षर हरवलेली पोथी

देवगाव फाट्यावरून सेलू, जिंतूर, मंठा अशा वाटा फुटतात. या वाटांवरच्या एखाद्या जुन्या वाड्यात आजही देवघरातून बासनात बांधलेली पोथी निघते. ती पाहणारा पहिल्याने विचारतो, ‘यात काय लिहिले आहे?’ ती कोणी लिहिली, कुठे लिहिली, एका हाताने की अनेक, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरी हानी इथेच होते.

अक्षराला साक्ष देता येते, हे इजिप्तच्या मृत्युग्रंथांवरून पटावे. मृतासोबत थडग्यात ठेवण्याच्या या गुंडाळ्या पुष्कळदा आधीच तयार असत. नावाची जागा कोरी सोडलेली असे आणि गिऱ्हाईक मिळाले की ती भरली जाई. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या आनीच्या पपायरसमध्ये आनीचे नाव अनेक ठिकाणी वेगळ्या हस्ताक्षरात आहे. मजकूर वाचून हे कळले नसते, अक्षर पाहून कळले. बज यांनी 1888 साली मिळवलेला हाच सुमारे 24 मीटरचा पपायरस पुढे कापून त्याचे 37 तुकडे करण्यात आले. वाचनाची सोय झाली, पण वस्तूची अखंडता गेली.

परक्यांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून 1909 साली ज्ञानेश्वरी छापली. ही प्रत एकनाथांनी 1584 साली केलेल्या शुद्धीच्याही आधीची, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुष्कळ वाद झाला. मात्र मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, पडिमात्रा यांची साक्ष काढणार कुठून? छापील पाठ उरला, साक्षीदार गेला. ज्या ज्ञानेश्वरीने अखेरीस आपल्या लेखकाचे, सच्चिदानंदबाबांचे, नाव आदराने नोंदवले, तिच्याच एका प्रतीची ही गत व्हावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

आता पोथ्यांची छायाचित्रे घेणे सोपे झाले आहे आणि ते अवश्य व्हावे. परंतु छायाचित्र म्हणजे पोथी नव्हे. कोणत्या गावी, कोणत्या घरी, कोणत्या पोथ्यांच्या शेजारी ती सापडली, हे त्याच वेळी टिपले नाही तर पुन्हा कळण्याचा मार्ग नाही. लेखकाचे नाव, शक आणि गाव बहुधा शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत असते, आणि झिजून गळते तेही बहुधा तेच पान. म्हणून सुटी पाने निरुपयोगी समजून नदीत सोडू नयेत. जिथे हात बदलतो ते पान नोंदवावे, समासातल्या दुरुस्त्याही नोंदवाव्यात.

ग्रंथकर्त्याला आपण संत म्हणतो. रात्र रात्र दिव्यापाशी बसून त्याचा शब्द आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या लेखकाला मात्र नावही उरत नाही. त्याचे अक्षर तरी राहू द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.